रिपब्लिकन पक्षातील परंपरावादी–नेमस्त संघर्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रिपब्लिकन पक्षात, पदावर असलेल्या नेमस्त लोकप्रतिनिधीस त्याच्याच पक्षातील परंपरावादी प्रतिस्पर्ध्याने उमेदवारीसाठी दिलेले आव्हान आणि त्यातून चालत आलेला दीर्घकालीन पक्षांतर्गत संघर्ष. हा संघर्ष मुख्यतः प्राथमिक निवडणुकीच्या मैदानावर लढला गेला. सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे ठरविण्यासाठी मतदारांनी केलेल्या मतदानास प्राथमिक निवडणूक किंवा ‘प्रायमरी’ म्हणतात. या निवडणुकीत विद्यमान प्रतिनिधी क्वचितच पराभूत होतात. तथापि पराभवाच्या संभाव्यतेने त्यांचे वर्तन बदलते व कालांतराने पक्षाचे स्वरूपही पालटते. या संघर्षाचे खरे महत्त्व पराभूतांच्या संख्येपेक्षा या धाकात आहे.

संज्ञांचा अर्थ : परंपरावादी व नेमस्त या संज्ञांचा आशय काळानुसार बदलत गेला आहे. स्थूलमानाने केंद्रशासनाच्या अधिकारांवर मर्यादा, करकपात, घटक राज्यांचे हक्क, साम्यवादाचा कडवा विरोध आणि १९७० नंतर धर्म व कुटुंबसंस्था यांचे रक्षण, ही परंपरावाद्यांची सूत्रे होत. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणातील सामाजिक सुरक्षेच्या प्रमुख तरतुदी मान्य करणारे, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांना पाठिंबा देणारे व आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पुरस्कार करणारे रिपब्लिकन हे नेमस्त समजले जात. त्यांचे बळ प्रामुख्याने न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅचूसेट्स इ. ईशान्येकडील राज्यांत व काही प्रमाणात पॅसिफिक किनाऱ्यावर होते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर (१९०८–७९) हे या गटाचे प्रमुख नेते असल्याने त्यास ‘रॉकफेलर रिपब्लिकन’ असेही नाव पडले.

प्राथमिक निवडणुकीचा उगम : एकोणिसाव्या शतकात उमेदवारांची निवड पक्षाच्या अधिवेशनांत होत असे आणि तेथे स्थानिक पक्षनायकांचे वर्चस्व असे. ते मोडून काढण्यासाठी विस्कॉन्सिनचे सुधारणावादी रिपब्लिकन गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट (१८५५–१९२५) यांनी राज्यव्यापी प्राथमिक निवडणुकीचा कायदा १९०३ मध्ये संमत करून घेतला. १९०४ मध्ये जनमतपृच्छेने त्यास मान्यता मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बहुतेक राज्यांनी ही पद्धती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात स्वीकारली होती. सुधारणावाद्यांनी घडविलेले हे साधन पुढे त्यांच्याच वैचारिक वारसांविरुद्ध वापरले गेले, ही या इतिहासातील एक विसंगती होय.

पहिला मोठा संघर्ष १९१२ मध्ये झाला. पण त्याची दिशा उलट होती. त्यावेळी राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट हे परंपरावादी व आव्हान देणारे माजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट हे सुधारणावादी होते. जेथे प्राथमिक निवडणुका झाल्या, त्यांपैकी बहुतेक राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले. परंतु अधिवेशनाचे बहुसंख्य प्रतिनिधी जुन्या पद्धतीनेच निवडले गेले असल्याने शिकागो येथे टॅफ्ट यांना उमेदवारी मिळाली. रूझवेल्ट यांनी स्वतंत्र प्रागतिक पक्ष काढला, मते विभागली आणि डेमॉक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन निवडून आले. विद्यमान राष्ट्राध्यक्ष असूनही टॅफ्ट यांना यूटा व व्हर्‌माँट ही दोनच राज्ये मिळाली. पक्षांतर्गत भांडणाचा लाभ विरोधकांना होतो, हा धडा रिपब्लिकन नेत्यांनी पुढे अनेकदा उद्‌धृत केला. मात्र तो सर्व प्रसंगी खरा ठरला नाही.

भारतीय पद्धतीशी तुलना केल्यास या संस्थेचे वेगळेपण ध्यानात येते. मराठी वाचकांस परिचित असलेला मवाळ-जहाल वाद १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये विकोपास गेला, तो अधिवेशनाच्या मंडपात, मतदारांसमोर नव्हे. स्वतंत्र भारतातही उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींकडे राहिला आणि १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व रद्द करण्याची तरतूद झाली. अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यावर असे कायदेशीर बंधन नाही. तो स्वपक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि पक्षनेते त्याची उमेदवारी काढून घेऊ शकत नाहीत. ती काढून घेण्याचा अधिकार प्राथमिक निवडणुकीतील मतदारांचा असतो. साहजिकच ज्यास सदस्यावर वचक बसवावयाचा असेल, त्यास त्या मतदारांकडे जावे लागते.

गोल्डवॉटर यांचा उदय : दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीवर नेमस्तांचा प्रभाव होता. १९५२ मध्ये ओहायओचे परंपरावादी सीनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांना डावलून पक्षाने जनरल ड्वाइट आयझनहौअर यांची निवड केली. आपला पक्ष पूर्वेकडील धनिकांनी बळकावला आहे, ही भावना त्यामुळे परंपरावाद्यांत रुजली. विल्यम बक्ली यांनी १९५५ मध्ये काढलेल्या नॅशनल रिव्ह्यू या नियतकालिकाने या असंतोषास वैचारिक बैठक दिली आणि ॲरिझोनाचे सीनेटर बॅरी गोल्डवॉटर (१९०९–९८) यांच्या रूपाने त्यास नेता लाभला.

१९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील प्राथमिक निवडणुकीत गोल्डवॉटर यांनी रॉकफेलर यांच्यावर निसटता विजय मिळविला व सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अधिवेशनात त्यांची उमेदवारी निश्चित झाली. त्या अधिवेशनात रॉकफेलर अतिरेकी प्रवृत्तींविरुद्ध बोलण्यास उभे राहिले, तेव्हा प्रतिनिधींनी आरडाओरडा करून त्यांच्या भाषणात व्यत्यय आणला. त्याच वर्षी नागरी हक्क कायद्यावर सीनेटमधील ३३ रिपब्लिकन सदस्यांपैकी २७ जणांनी अनुकूल मत दिले होते. विरोध करणाऱ्या सहांमध्ये गोल्डवॉटर होते. सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना केवळ सहा राज्ये मिळाली, परंतु त्यांपैकी पाच दक्षिणेतील होती. डेमॉक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या दक्षिणेतील परंपरावादी गोरे मतदार यानंतर क्रमाक्रमाने रिपब्लिकन पक्षाकडे वळू लागले. पक्षाच्या मतदारवर्गाचे केंद्र असे सरकल्यामुळे ईशान्येकडील नेमस्तांचे पक्षातील स्थान दुर्बल होत गेले. गोल्डवॉटर यांचा पराभव हा परंपरावादाचा शेवट आहे, असे तत्कालीन निरीक्षकांनी मानले. तो अंदाज चुकला.

सीनेटमधील नेमस्तांचा पाडाव : कॅलिफोर्नियाचे सीनेटर टॉमस कूकेल (१९१०–९४) हे सीनेटमधील पक्षाचे प्रतोद होते. नागरी हक्क विधेयक सीनेटमध्ये पुढे नेण्याचे काम रिपब्लिकन पक्षातर्फे त्यांनी केले होते. १९६८ मध्ये राज्याचे शिक्षणप्रमुख मॅक्स रॅफर्टी यांनी त्यांना प्राथमिक निवडणुकीत हरविले; परंतु सार्वत्रिक निवडणुकीत डेमॉक्रॅटिक पक्षाचे ॲलन क्रॅन्स्टन यांनी रॅफर्टी यांचा पराभव केला. न्यू जर्सीचे क्लिफर्ड केस (१९०४–८२) १९५५ पासून सीनेटर होते. करकपातीचा पुरस्कार करणारे तरुण परंपरावादी जेफ्री बेल यांनी १९७८ मध्ये अल्प मताधिक्याने त्यांची उमेदवारी हिरावून घेतली. ती जागाही बिल ब्रॅडली यांच्या विजयाने डेमॉक्रॅटिक पक्षाकडे गेली.

१९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मात्र निराळे घडले. १९५७ पासून सीनेटर असलेले जेकब जॅव्हिट्स (१९०४–८६) हे वृद्ध व व्याधिग्रस्त होते. प्राथमिक निवडणुकीत अल्फॉन्स डमाटो यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. तिरंगी लढतीत नेमस्त व उदारमतवादी मते जॅव्हिट्स आणि डेमॉक्रॅटिक पक्षाच्या एलिझाबेथ होल्ट्समन यांच्यात विभागली जाऊन डमाटो अल्प मताधिक्याने निवडून आले. बारा वर्षांतील या तीन घटनांनी ईशान्य व पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या नेमस्त परंपरेची वीण उसवली.

राष्ट्राध्यक्षांना आव्हान : विद्यमान राष्ट्राध्यक्षही या संघर्षातून सुटले नाहीत. जेराल्ड फोर्ड यांनी रॉकफेलर यांना उपराष्ट्राध्यक्ष नेमल्यामुळे परंपरावादी नाराज होते. त्यांना शांत करण्यासाठी रॉकफेलर यांना १९७६ च्या निवडणुकीतून बाजूला करण्यात आले. तरीही कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन (१९११–२००४) यांनी फोर्ड यांना आव्हान दिले. रिपब्लिकनाने दुसऱ्या रिपब्लिकनाविषयी वाईट बोलू नये, हा कॅलिफोर्नियातील पक्षात ‘अकरावी आज्ञा’ म्हणून रूढ झालेला संकेत रेगन यांनीच लोकप्रिय केला होता. आरंभीच्या राज्यांत पराभूत झालेले रेगन नॉर्थ कॅरोलायनातील विजयाने सावरले. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्ड १,१८७ विरुद्ध १,०७० अशा अल्प फरकाने विजयी झाले; पण सार्वत्रिक निवडणुकीत जिमी कार्टर यांच्याकडून हरले. चार वर्षांनी रेगन यांनी उमेदवारी व राष्ट्राध्यक्षपद दोन्ही मिळविले.

जॉर्ज बुश (थोरले) यांनी नवे कर न लादण्याचे १९८८ मधील आश्वासन १९९० मध्ये मोडले. त्याचा जाब विचारीत पॅट्रिक ब्यूकॅनन यांनी १९९२ मध्ये त्यांना आव्हान दिले व न्यू हॅम्पशरमध्ये सुमारे ३७ टक्के मते मिळविली. बुश यांची उमेदवारी टिकली, पण पक्षातील दुफळी उघड झाली आणि त्या वर्षी ते बिल क्लिंटन यांच्याकडून पराभूत झाले. या पराभवास आर्थिक मंदी व रॉस पेरो यांची स्वतंत्र उमेदवारी यांसारखी अन्य कारणेही होती.

संघटित आव्हानांचा काळ : १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लब फॉर ग्रोथ’ या संस्थेने पक्षांतर्गत आव्हानांस संघटित रूप दिले. करकपातीच्या प्रश्नावर कच्चे ठरलेल्या रिपब्लिकनांविरुद्ध देशभरातून निधी जमवून प्रतिस्पर्धी उभा करणे, ही तिची कार्यपद्धती होती. अशा प्रतिनिधींना ‘नावापुरते रिपब्लिकन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून ‘रायनो’ म्हटले जाऊ लागले. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियात या संस्थेच्या पाठिंब्यावर पॅट टूमी यांनी आर्लेन स्पेक्टर (१९३०–२०१२) यांना जवळजवळ हरविले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या पाठिंब्यामुळे स्पेक्टर थोडक्यात बचावले. पुढील लढतीत पराभव अटळ आहे, हे ओळखून ते एप्रिल २००९ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षात गेले. पण २०१० मध्ये तेथील प्राथमिक निवडणुकीत ते हरले आणि त्यांची जागा टूमी यांना मिळाली. ऱ्होड आयलंडचे नेमस्त सीनेटर लिंकन चेफी २००६ मध्ये प्राथमिक निवडणूक जिंकूनही सार्वत्रिक निवडणुकीत पराभूत झाले.

२००९ मध्ये बराक ओबामा यांच्या कारकीर्दीच्या प्रारंभी उद्‌भवलेल्या ‘टी पार्टी’ चळवळीने या आव्हानांस जनाधार दिला. २०१० मध्ये यूटाचे सीनेटर रॉबर्ट बेनेट राज्य अधिवेशनातच बाद झाले. ते नेमस्त म्हणून ओळखले जात नव्हते, परंतु २००८ च्या आर्थिक अरिष्टात बँकांना साहाय्य देणाऱ्या विधेयकास त्यांनी दिलेले मत त्यांना भोवले. डेलावेअरमध्ये माजी गव्हर्नर व प्रतिनिधिगृहाचे सदस्य माइक कॅसल यांना सीनेटच्या उमेदवारीसाठी क्रिस्टीन ओडॉनेल यांनी हरविले, आणि पक्षाच्या हाती येऊ पाहणारी जागा डेमॉक्रॅटिक पक्षाच्या क्रिस कून्स यांना मिळाली. इंडियानाचे रिचर्ड लूगर (१९३२–२०१९) हे सहा वेळा निवडून आलेले व सोव्हिएट संघाच्या अण्वस्त्रांची विल्हेवाट लावण्याच्या योजनेचे एक शिल्पकार होते. २०१२ मध्ये रिचर्ड मर्डॉक यांनी त्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. ती जागाही पक्षाने गमावली.

सर्वांत अनपेक्षित निकाल १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियात लागला. प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते एरिक कँटर यांना डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हरविले. या पदावरील व्यक्ती प्राथमिक निवडणुकीत पराभूत होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. कँटर स्वतः परंपरावादीच होते. स्थलांतरितांच्या प्रश्नावर ते तडजोडीस तयार आहेत, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होता. त्या निवडणुकीत एकूण सुमारे ६५,००० मते पडली. सात लाखांहून अधिक लोकवस्तीच्या मतदारसंघाचा, किंबहुना प्रतिनिधिगृहातील सत्ताक्रमाचा, प्रश्न इतक्या अल्पसंख्य मतदारांनी निकालात काढला.

नियमांचा प्रभाव : आव्हान यशस्वी होणे हे मतदारांच्या कलाइतकेच निवडणुकीच्या नियमांवर अवलंबून असते. काही राज्यांत पक्षाकडे नोंद झालेल्या मतदारांनाच मतदान करता येते. काहींत ते सर्वांस खुले असते. यूटामध्ये अधिवेशनातील काही हजार प्रतिनिधींनी बेनेट यांचे भवितव्य ठरविले. याउलट मिसिसिपीत २०१४ मध्ये पहिल्या फेरीत किंचित मागे पडलेले सीनेटर थॅड कॉक्रन दुसऱ्या फेरीत विजयी झाले. कारण तेथे पक्षनोंदणीची अट नसल्याने, एरवी डेमॉक्रॅटिक पक्षास मत देणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांचे साहाय्य त्यांना घेता आले. अलास्काच्या लीझा मर्कौस्की २०१० मध्ये प्राथमिक निवडणुकीत सुमारे दोन हजार मतांनी हरल्या. परंतु मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव हाताने लिहिण्याच्या मुभेचा लाभ घेऊन त्या सार्वत्रिक निवडणुकीत विजयी झाल्या. १९५४ नंतर अशा रीतीने सीनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्याच होत. अलास्काने २०२० मध्ये सर्व पक्षांची एकत्र प्राथमिक निवडणूक व पसंतिक्रमाचे मतदान स्वीकारले. २०२२ मध्ये मर्कौस्की त्या पद्धतीने पुन्हा निवडून आल्या.

निष्ठेची नवी कसोटी : २०१६ मध्ये डॉनल्ड ट्रंप राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यानंतर संघर्षाचा आशय बदलला. धोरणविषयक मतांपेक्षा नेत्यावरील निष्ठा निर्णायक ठरू लागली. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसदभवनावर केलेल्या हल्ल्यानंतर ट्रंप यांच्यावरील महाभियोगास प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. २०२२ मध्ये त्यांपैकी चौघांनी निवडणूक लढविली नाही, चौघे प्राथमिक निवडणुकीत हरले आणि दोघेच पुन्हा निवडून आले. हे दोघे वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांतील होते. तेथे सर्वपक्षीय प्राथमिक निवडणुकीतील पहिले दोन उमेदवार अंतिम लढतीत जातात. पराभूतांपैकी वायोमिंगच्या लिझ चेनी या कोणत्याही जुन्या व्याख्येने नेमस्त नव्हत्या. तरीही हॅरिएट हेगमन यांना सुमारे ६६ टक्के, तर चेनी यांना सुमारे २९ टक्के मते मिळाली. मिशिगन व वॉशिंग्टन राज्यांतील अशा दोन जागा पक्षाने सार्वत्रिक निवडणुकीत गमावल्या. वायोमिंगसारख्या सुरक्षित राज्यात पक्षास काहीच झळ लागली नाही.

मूल्यमापन : हा इतिहास पाहता पाच प्रकारची फलिते दिसतात : आव्हानदाता उमेदवारी जिंकून जागा गमावतो, तो दोन्ही जिंकतो, विद्यमान प्रतिनिधी टिकतो, पण दुर्बल होऊन विरोधकांकडून हरतो, तो पक्ष सोडतो वा पक्षाबाहेरून निवडून येतो, किंवा तो लढतीपूर्वीच माघार घेतो. शेवटचा प्रकार आकडेवारीत उमटत नाही. २०१४ ते २०२४ या काळातील नियमित निवडणुकांत एकही विद्यमान सीनेटर प्राथमिक निवडणुकीत हरला नाही. परंतु ॲरिझोनाचे जेफ फ्लेक यांनी २०१७ मध्ये पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले, ते पक्षाची उमेदवारी मिळण्याचा मार्ग अरुंद झाला असल्याचे सांगूनच. नॉर्थ कॅरोलायनाचे टॉम टिलिस यांनी जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रमुख आर्थिक विधेयकास विरोध केला. प्रतिस्पर्धी उभा करण्याची धमकी मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवडणुकीतून माघार जाहीर केली. पक्षांतर्गत आव्हानांची संख्या पूर्वीपेक्षा फारशी वाढलेली नाही, असे रॉबर्ट बोटराइट यांच्यासारख्या राज्यशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. मात्र आव्हानांस मिळणारी प्रसिद्धी व दूरवरून येणारा पैसा यांमुळे एका पराभवाची दहशत अनेक सदस्यांपर्यंत पोहोचते.

हा प्रकार केवळ रिपब्लिकन पक्षापुरता मर्यादित नाही. १९३८ मध्ये फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी डेमॉक्रॅटिक पक्षातील परंपरावादी सीनेटरांना हटविण्याचा प्रयत्न केला. तो बहुतांशी फसला. २००६ मध्ये कनेक्टिकटचे जोसेफ लिबरमन इराक युद्धास पाठिंबा दिल्याबद्दल त्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले, पण अपक्ष म्हणून निवडून आले. तथापि एखाद्या मोठ्या पक्षातील एक संपूर्ण विचारप्रवाह अशा आव्हानांमुळे क्षीण होण्याचे उदाहरण म्हणून रिपब्लिकन पक्षाचाच निर्देश करावा लागतो. अर्थात त्यास मतदारांचे प्रादेशिक स्थित्यंतरही तितकेच कारणीभूत आहे.

प्राथमिक निवडणुकीच्या समर्थकांच्या मते प्रतिनिधीने मतदारांस जाब दिलाच पाहिजे आणि दीर्घकाळ पदावर राहिलेल्यांना आव्हान मिळणे हे लोकशाहीचे लक्षण होय. टीकाकारांच्या मते अल्प मतदानाच्या या निवडणुकीत उत्साही अल्पसंख्याकांस नकाराधिकार मिळतो व विरोधी पक्षाशी तडजोड करणे, हाच दोष ठरतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. प्रतिनिधी निवडून येतो तो संपूर्ण मतदारसंघातून. परंतु जेथे एकाच पक्षाचे निर्विवाद वर्चस्व असते, तेथे त्याचे भवितव्य पक्षातील थोड्या मतदारांच्या हाती असते. तो या दोहोंपैकी कोणास बांधील मानावयाचा, हा प्रश्न ला फॉलेट यांच्या सुधारणेने निर्माण केला. त्याचे उत्तर प्रत्येक राज्याने आपापल्या निवडणूक कायद्यात निरनिराळे दिले असून नेमस्त प्रतिनिधीचे राजकीय आयुष्य बव्हंशी त्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे.